निळेपण कोणाचे?

श्रावण-भाद्रपदात पाऊस बरा झाला की बीड जिल्ह्यातली काही ठिकाणे मोबाइलच्या पडद्यावरून महाराष्ट्रभर फिरू लागतात. पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत कोसळते आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधिस्थानी, धबधबा सुरू होतो. बालाघाटाचे एरवी उघडेबोडके डोंगर पोपटी होतात आणि त्यांच्यावर धुतलेले निळे आकाश असते. वैशाखात त्याच जिल्ह्याची दुसरी चित्रे निघतात: तलावाच्या तळाची भेगाळलेली माती, टँकरभोवतीची झुंबड, घागरींची रांग आणि वर पांढुरके, धुळकट आकाश. पहिली चित्रे पाहणारा म्हणतो, ‘बीड इतके सुंदर आहे हे माहीतच नव्हते.’ दुसरी पाहणारा म्हणतो, ‘बीड म्हणजे दुष्काळ.’ मग वाद होतो. जिल्ह्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना दुसरी चित्रे बदनामी वाटतात, आणि ज्यांना इथल्या माणसांच्या हालांची काळजी आहे त्यांना पहिली चित्रे फसवणूक वाटतात. खरे चित्र कोणते, असा हा वाद वरवर दिसतो. माझे म्हणणे असे की दोन्ही चित्रे खरी आहेत. खोटे आहे ते चित्र पाहून झाल्यावर आपण त्याला मनातल्या मनात जोडलेले वाक्य. हा भेद छायाचित्रकलेच्या पुस्तकांपेक्षा वेदान्ताने अधिक नेमका सांगून ठेवला आहे, आणि मराठीत तो सांगणाऱ्यांपैकी दोघांची नावे याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईशी जोडलेली आहेत.

अंबाजोगाईजवळ बालाघाटाच्या दरीत मुकुंदराजांची समाधी दाखवतात. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके 1110, म्हणजे इ.स. 1188 चा आणि मराठीतला आद्य ग्रंथ, अशी परंपरा आहे. त्यांच्या काळाविषयी आणि स्थळाविषयी अभ्यासकांत वाद आहेत, आणि विदर्भातले आंभोरेही त्यांच्यावर हक्क सांगते. ग्रंथाच्या विषयाबद्दल मात्र वाद नाही. शंकराचार्यांच्या परंपरेतले अद्वैत मराठीतून समजावून सांगणे, दिसते ते आणि असते ते यांच्यातला विवेक शिकवणे, हे त्याचे काम. या परंपरेत भ्रमाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे दोरीवर भासणारा साप. पण शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या सुरुवातीला, अध्यास म्हणजे काय हे सांगताना, आणखी एक उदाहरण दिले आहे आणि ते आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. ते आकाशाचे. आकाशाला रूप नाही. शास्त्राच्या हिशेबात त्याचा गुण शब्द, त्यामुळे ते डोळ्यांचा विषयच होत नाही. तरी अजाण माणसे त्याच्यावर तळ, कढईसारखा खोलगटपणा आणि मळकट निळेपणा लादतात. जे एका ठिकाणचे आहे ते दुसऱ्या ठिकाणचे समजणे, हा अध्यास. आकाशाचे फोटो काढणारा प्रत्येक जण, म्हणजे आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलधारक, या उदाहरणाच्या मधोमध उभा आहे. ज्याला रूप नाही त्याचा फोटो काढणे म्हणजे नेमके कशाचा फोटो काढणे?

इथे पहिला आक्षेप लगेच येतो आणि तो जोरकस आहे. अध्यास हा मनाचा व्यापार आहे. दोरीवर साप पाहायला पूर्वी साप पाहिलेले मन लागते. कॅमेऱ्याला मन नाही, आठवण नाही, अविद्या नाही. तरीही आकाशाकडे रोखला की तो निळेच दाखवतो. मग निळेपण मनाने लादलेले कसे? उत्तरासाठी छायाचित्रणाच्या इतिहासाकडे वळावे लागते. एकोणिसाव्या शतकात निगेटिव्हसाठी वापरल्या जाणाऱ्या कलोडियनचा लेप दिलेल्या काचा निळ्या प्रकाशाला फार चटकन प्रतिसाद देत. जमीन किंवा समुद्र नीट उमटेल इतका वेळ काच उघडी ठेवली की आकाशाचा भाग प्रकाशाने भरून जाई आणि छापात तिथे कोरा पांढरा पट्टा येई. म्हणून गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1856-57 च्या सुमारास समुद्राची काही चित्रे दोन निगेटिव्ह जोडून छापली. एक समुद्राची, दुसरी ढगांची, आणि कधीकधी दोन्ही वेगळ्या वेळची. लोक त्या आकाशावर खूश झाले. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातही रंग आपोआप उतरत नाही. संवेदकावर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची एक जाळी असते. ब्राइस बायर यांनी ती कोडॅकमध्ये आखली आणि 1976 मध्ये तिचे पेटंट मिळाले. तिच्यात निम्मी घरे हिरवी असतात, कारण माणसाच्या डोळ्याला बारीक तपशील हिरव्या प्रकाशात अधिक कळतो. त्या घरांच्या आकड्यांवरून प्रत्येक ठिपक्याचा रंग कोणता धरायचा हे आज्ञावली ठरवते, आणि त्या आज्ञावलीला ‘चांगले आकाश’ कसे असते हे आधीच शिकवलेले असते. म्हणजे कॅमेऱ्याला मन नाही हे खरे, पण तो मनवाल्या माणसांनी आपल्या डोळ्यांच्या मापाने घडवला आहे. साक्षीदार तटस्थ आहे असे म्हणण्यापूर्वी त्याला कोणी आणि काय शिकवले हे पाहावे लागते.

तरीही एवढ्यावर आक्षेप पूर्ण सुटत नाही. कॅमेरा कसाही घडवला असला तरी दिवसाच्या स्वच्छ आकाशाकडून निळा प्रकाश अधिक येतो हे मोजून दाखवता येते. हवेचे रेणू आखूड लहरींचा प्रकाश अधिक विखुरतात हे लॉर्ड रेले यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले. म्हणून आकाश दिवसा निळे आणि सूर्य मावळताना, प्रकाशाला हवेतून लांबचा प्रवास करावा लागल्यामुळे, तांबडे दिसते. उन्हाळ्यात मराठवाड्याच्या हवेत धूळ वाढते, तिचे मोठे कण सगळेच रंग सारखे विखुरतात आणि आकाश पांढुरके होते. याचा अर्थ फोटोतला निळा प्रकाश खोटा नाही, वैशाखातला पांढुरकाही खोटा नाही. ते रंग हवेचे, धुळीचे, सूर्याच्या कोनाचे आहेत. ते आकाश नावाच्या छताचे आहेत असे म्हणणे ही चूक, आणि ती डोळा करीत नाही, कॅमेराही करीत नाही. ती निर्णय देणारी बुद्धी करते. शंकराचार्यांचे उदाहरण विज्ञानाने मोडीत निघत नाही, उलट त्याला धार येते. निळे दिसणे हा अनुभव आणि ‘आकाश निळे आहे’ हा निवाडा, या दोहोंत अंतर आहे आणि अध्यास त्या अंतरात घडतो. निवाड्याचा पल्ला तर रंगाच्याही पुढे जातो. ऑगस्टमधले ढग नसलेले झगझगीत निळे आकाश फोटो काढणाऱ्याला पर्वणी वाटते. बालाघाटाच्या माथ्यावर कोरडवाहू सोयाबीन किंवा कापूस पेरून बसलेल्या शेतकऱ्याला तेच आकाश पोटात गोळा आणते, कारण ते पावसाच्या खंडाचे आकाश असते. एकाच निळ्यावर एकाने सौंदर्य लादले, दुसऱ्याने संकट. दुसऱ्याला त्याच्या निवाड्याची किंमत पिकाने मोजावी लागते, म्हणून त्याचे वाचन अधिक सावध असते. पहिल्याला काहीच मोजावे लागत नाही.

आता आकाशावरून जमिनीवर येऊ. सौताड्याच्या धबधब्याचा फोटो सांगतो की अमुक दिवशी, अमुक ठिकाणाहून पाहिले असता विंचरणेत इतके पाणी होते. तेवढे तो प्रामाणिकपणे सांगतो. पण बीड सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, इथे वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. नदी उरलेल्या काळात हळूहळू आटते आणि उन्हाळ्यात कडा कोरडा पडतो. फोटोत हे नसते, आणि नसणे हा फोटोचा दोष नाही. दोष सुरू होतो तो त्या चौकटीतला हिरवेपणा आपण जिल्ह्यावर पसरवतो तेव्हा. ही ओढ जगभर आहे आणि तिचा सर्वांत देखणा व्यापार आयर्लंडमध्ये झाला. जॉन हाइंड या मूळच्या इंग्रज छायाचित्रकाराने 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून आयर्लंडची रंगीत पोस्टकार्डे काढली. त्याच्या कार्डांवर आकाश नेहमी गडद निळे, गवत पाचूसारखे आणि पुढच्या भागात फुललेली झुडपे असत. चौकटीतले काही कुरूप झाकायचे असेल तर तो फुलांची फांदी कापून आणून पुढे धरवतो, अशी त्याची ख्याती होती. रंग छपाईत आणखी चढवले जात. पावसाळी, करड्या आकाशाच्या त्या देशाची जगाच्या मनातली ओळख अशा कार्डांनी घडवली. आयर्लंडचा हिरवा रंग खराच आहे, पण 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो माणसे मेली आणि लाखो देश सोडून गेली ती याच हिरव्या कुरणांमधून. हिरवेपणा पोट भरल्याची खूण असतोच असे नाही. बालाघाटही आश्विनात हिरवाच असतो, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याच हिरव्या डोंगरांतल्या तांड्यावस्त्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको जोडीने राबतात आणि दोघे मिळून एक कोयता म्हणून मोजले जातात. कोणत्याही धबधब्याच्या फोटोत हे मावत नाही.

यावरून कोणी म्हणेल की मग दुष्काळाचीच चित्रे खरी, कारण ती निदान दुःख तरी दाखवतात. हा दुसरा आक्षेप मला पहिल्याहून घातक वाटतो, कारण तो स्वतःला नैतिक समजतो. दुःखाचे चित्रही रचले जाते. 1876-78 च्या मद्रासच्या दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीने बसवून फोटो काढले. त्या चित्रांतली उपासमार खरी होती, मांडणी त्याची होती. 1936 मध्ये अमेरिकेच्या साउथ डकोटात आर्थर रोथस्टाइन या सरकारी छायाचित्रकाराने भेगाळलेल्या जमिनीवर पडलेल्या गुराच्या कवटीचे फोटो काढताना ती कवटी काही फूट हलवली. हे उघड झाल्यावर वर्तमानपत्रांनी गदारोळ केला आणि दुष्काळच बनावट आहे असे सुचवणाऱ्यांचे फावले. कवटी खरी, भेगा खऱ्या, दुष्काळ खरा, तरी एका हालचालीने सगळ्याच्या खरेपणावर बोट ठेवता आले. बीडच्या बाबतीत प्रश्न कवटी हलवण्याचा नाही. मांजरा नदी याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात उगम पावते. केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे. ते धरण आटले आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. धरणाच्या कोरड्या तळाची तेव्हाची चित्रे देशभर पोहोचली. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मोठा पाऊस झाला आणि धरणात पुन्हा पाणी आले. त्या पाण्याचे फोटोही निघाले, पण ते तितके दूर गेले नाहीत. कोरडा तळ हीच मराठवाड्याची कायमची ओळख म्हणून देशाच्या मनात राहिली.

भेगाळलेल्या मातीच्या चित्रात आणखी एक अध्यास दडलेला असतो आणि तो अधिक बारीक आहे. असे चित्र पाहणारा नकळत वर पाहतो. खाली भेगा आणि वर कोरडे आकाश, म्हणजे दोष आकाशाचा, असा निवाडा चौकटीची रचनाच सुचवते. पाऊस कमी पडतो हे खरे. पण पडलेले पाणी कुठे अडले, कोणत्या पिकाला गेले, कोणाच्या विहिरीला आधी मिळाले आणि कोणत्या गावाला टँकर लागला, हे माणसांनी ठरवलेले असते. उसासारखे बारमाही तहानेचे पीक थोड्या क्षेत्रावर उभे राहून सिंचनाच्या पाण्यातला मोठा वाटा घेते, ही महाराष्ट्रभराची गोष्ट आहे आणि बीडही तिला अपवाद नाही. परळीचे औष्णिक वीज केंद्र 2015 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, तेव्हा थंड पडलेल्या चिमण्यांमागचे आकाश नितळ झाले असेल, पण त्या नितळपणावरून कोणालाही कारण वाचता आले नसते. उलट बाजूही पाहावी. बीड शहराजवळची खजाना विहीर निजामशाहीतल्या सलाबतखानाने 1582 मध्ये बांधवली आणि दुष्काळातही तिचे पाणी आटत नाही अशी तिची ख्याती आहे. याच आकाशाखाली, याच जमिनीत, जाणत्या माणसांनी जमिनीखालचे पाणी ओळखून चारशे वर्षे टिकेल अशी सोय केली. माणसांच्या निर्णयांचे फळ आकाशाच्या माथी मारणे हा अगदी शास्त्रात सांगितलेला अध्यास आहे, एकाचा धर्म दुसऱ्यावर. असा फोटो पाहून हळहळणाऱ्याला आपण काही केले पाहिजे असे वाटत नाही, कारण आकाशापुढे कोण काय करणार?

इथे अद्वैताचाच एखादा अभ्यासक तिसरा आक्षेप घेईल. सगळे जगच मिथ्या असेल तर जगाच्या फोटोच्या खरेखोटेपणाची एवढी चिकित्सा कशाला? हिरवा बालाघाटही माया, कोरडा बालाघाटही माया. हा आक्षेप अद्वैताला न समजता त्याच्या नावाने घेतला जातो. अद्वैताने मिथ्याचा अर्थ ‘मुळीच नाही’ असा केलेला नाही. सत्तेच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत: दोरीवरचा साप ही प्रातिभासिक, दोरी ही व्यावहारिक आणि ब्रह्म हे पारमार्थिक. ब्रह्मज्ञानाच्या पायरीवरून पाहिले तर दोरीही टिकत नाही, हे खरे. पण त्याआधी, व्यवहारात, साप आणि दोरी यांत फरक आहे आणि तो फरक प्रमाणांनी ठरवायचा आहे. पाणी पिणारा, शेत पेरणारा, देवळात जाणारा आणि फोटो काढणारा व्यवहारातच उभा असतो. जो सापाला साप आणि दोरीला दोरी म्हणायला तयार नाही, त्याने ब्रह्माच्या गोष्टी करणे हा आळस आहे. मुकुंदराजांच्या ग्रंथाच्या नावात विवेक आहे, वैताग नाही. विवेकाचा पहिला धडा हाच की कोणत्या वाक्याचा आधार कुठवर पोहोचतो ते पाहावे. ‘त्या दिवशी तिथे पाणी होते’ या वाक्याला फोटोचा आधार आहे. ‘बीड हिरवे आहे’ या वाक्याला नाही, ‘बीड उजाड आहे’ यालाही नाही.

अंबाजोगाईच्याच दुसऱ्या माणसाने याला आणखी एक बाजू दिली. दासोपंत (1551-1615) यांनी गीतेवर ‘गीतार्णव’ हा अवाढव्य ग्रंथ लिहिला, पण आपल्या विषयाला लागून आहे ती त्यांची ‘पासोडी’. एका लांबलचक कापडावर त्यांनी पंचीकरणाचे विवरण लिहिले आणि आकृत्या काढून समजावले. तत्त्वज्ञान केवळ ऐकायचे नसून पाहायचेही असते, हा विश्वास त्या कापडामागे आहे. पंचीकरणाचा सिद्धान्त असा की व्यवहारात आपल्याला शुद्ध पृथ्वी, शुद्ध जल, शुद्ध आकाश कधीच भेटत नाही. प्रत्येक स्थूल भूतात निम्मा भाग स्वतःचा आणि उरलेल्या निम्म्यात इतर चारांचा प्रत्येकी अष्टमांश असतो. भौतिकशास्त्र म्हणून हे गणित आज कोणी मानणार नाही. पाहण्याची शिस्त म्हणून ते फार मोलाचे आहे. बीडच्या कंकालेश्वराचे उदाहरण घ्या. काळ्या दगडाचे ते प्राचीन देऊळ कुंडाच्या मधोमध उभे आहे. त्याचा फोटो ‘देवळाचा’ म्हणून ओळखला जातो, पण त्यात दगडाइतकेच कुंडातले पाणी असते, पाण्यात उतरलेले आकाश असते, घडीव कडांवर पडलेला सूर्याचा प्रकाश असतो. यातले काय काढून टाकले तर शुद्ध देऊळ उरेल? शहराच्या पूर्वेकडच्या टेकडीवर खंडोबाच्या देवळापुढच्या दोन दीपमाळा आकाशाशिवाय दीपमाळा वाटणारच नाहीत. प्रत्येक दृश्य मिश्र असते. त्याला एकच नाव देताना निम्म्याहून अधिक गोष्टी आपण गाळतो, आणि गाळल्या हे विसरतो. पासोडी वाचणाऱ्याला विसरायची सोय नव्हती. निम्मे आणि अष्टमांश त्याच्या डोळ्यांपुढे काढलेले होते.

चौथा आक्षेप भक्तीच्या बाजूने येतो आणि मी त्याला सर्वांत जास्त मान देतो. तो म्हणतो की निसर्गाचा किंवा देवस्थानाचा फोटो हे तर्काचे विधान नाही, ती दाद आहे, नमस्कार आहे. सौताड्याचा धबधबा पाहून ज्याचे मन भरून आले त्याने फोटो काढला, लोकांना पाठवला, यात प्रमाण-अप्रमाणाचा किस काढणे हा रूक्षपणा आहे. शिवाय दुष्काळाच्याच बातम्यांनी ओळखल्या गेलेल्या जिल्ह्यातल्या माणसाला आपल्या गावाचे सुंदर रूप जगाला दाखवण्याचा हक्क नाही का? हक्क निःसंशय आहे. आनंदही खरा आहे. पण भक्तीनेच रूपाशी वागायची एक रीत घालून दिली आहे, ती या आक्षेपात सुटून जाते. गणपतीच्या मातीच्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करताना कोणताही भक्त अवघा गणपती या वीतभर मातीत संपला असे मानत नाही. तो देवाला तिथे बोलावतो, पूजतो आणि ठरल्या दिवशी निरोप देतो. आवाहन आणि विसर्जन या दोन टोकांमुळे रूपाचा उपयोग होतो आणि रूपाची मर्यादाही पाळली जाते. परळीच्या वैद्यनाथाचा भक्त लिंगापुढे नतमस्तक होतो, पण शिव परळीबाहेर नाही असे म्हणत नाही. सगुणाची उपासना ही रूपावर प्रेम करण्याची आणि रूपात न अडकण्याची शिकवण आहे. फोटोला विसर्जन नाही, हीच त्याची अडचण. एका भाद्रपदात काढलेला धबधबा पुढच्या ज्येष्ठातही कोणाच्या तरी पडद्यावर कोसळत राहतो, एका वैशाखातली भेग पुढच्या आश्विनातही भेगच राहते. काळाने ज्याला निरोप दिला त्याला फोटो निरोप देऊ देत नाही.

म्हणून फोटोला निदान पूजेच्या सुरुवातीची शिस्त लावावी, असे माझे सांगणे आहे. आपल्याकडे कोणतेही धर्मकृत्य करण्यापूर्वी संकल्प सोडतात. त्यात काळ आणि स्थळ यांचा उच्चार असतो: संवत्सर कोणते, अयन कोणते, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार कोणता, आणि आपण कुठे उभे आहोत, तर गोदावरीच्या दक्षिण तीरावर. बीड जिल्हा अक्षरशः गोदावरीच्या दक्षिण तीरावर आहे. गेवराई आणि माजलगावच्या उत्तरेच्या शिवेवरून ती वाहते. अनंत, निराकार देवाची पूजा करतानाही मी अमुक दिवशी, अमुक जागी उभा राहून हे करतो आहे, असे आधी कबूल करायला लावणारी ही प्रथा मला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार परिपक्व वाटते. तिच्यात स्वतःच्या जागेची कबुली आहे. फोटोखाली गावाचे नाव, महिना, वर्ष आणि कोणत्या बाजूने पाहिले एवढे लिहिले की फोटोचाही संकल्प होतो. मग ‘सौताडा’ एवढेच न राहता ‘सौताडा, भाद्रपद, अमुक साल’ असे होते आणि पाहणाऱ्याला बाकीचे अकरा महिने आठवायला जागा मिळते.

यावरही कोणी म्हणेल की मजकूर कोण वाचतो? फोटो पुढे पाठवताना तो गळून पडतो. खरे आहे, आणि म्हणूनच केवळ शब्दांवर विसंबू नये. हिमनद्यांचा अभ्यास करणारे एकाच जागेवरून, एकाच कोनातून, वर्षानुवर्षांच्या अंतराने फोटो काढतात आणि शेजारी शेजारी ठेवतात. बालाघाटातल्या हौशी छायाचित्रकारांनी हेच करावे. सौताड्याचा कडा श्रावणात आणि वैशाखात, मांजरेचा काठ धरण भरल्यावर आणि आटल्यावर, एखादा तांडा दसऱ्याआधी गजबजलेला आणि पौषात कुलुपे लागलेला, हे सगळे एकाच जागेवरून टिपावे आणि जोडीनेच प्रसिद्ध करावे. एकटे चित्र निवाडा सुचवते. जोडी प्रश्न विचारायला लावते: मधल्या काळात काय झाले, पाणी कुठे गेले, माणसे कुठे गेली? या प्रश्नांची उत्तरे आकाशाकडे नसतात, ती पंचायतीच्या, पाटबंधाऱ्याच्या, कारखान्याच्या कागदांत असतात आणि ती मागता येतात. सौंदर्याला यात बाधा येत नाही. जे पाणी चारच महिने असते त्याचे सौंदर्य ते चारच महिने असते हे कळल्यावर वाढते. तेव्हा फोटो जरूर काढावेत, पुष्कळ काढावेत, पण प्रत्येक फोटोखाली महिना आणि वर्ष लिहावे, आणि ज्या फोटोखाली ते नाही त्याच्यावरून कोणत्याही गावाविषयी मत बनवू नये.